काटा गार दाखवत होता

भोरला माझं नळ-पाइप आणि मोटारपंपाचं दुकान आहे, आणि माझं म्हणजे खरोखर माझं आहे. नवरा शेती बघतो. दुकानात आलाच तर गिऱ्हाइकासारखा बाकड्यावर बसून चहा पितो आणि निघून जातो. विहिरीतली मोटार वर काढायची, पाइपाला आटे पाडायचे, पॅनल बोर्ड जोडायचा, ही सगळी कामं मी करते. सुरुवातीला लोक यायचे आणि माझ्या डोक्यावरून आत बघत विचारायचे, "मालक कुठं गेलेत?" मी म्हणायची, "मालक तुमच्याशीच बोलतायत, काय पायजे ते सांगा." आता कुणी विचारत नाही.

सांगायचा मुद्दा असा की मला कुठल्या कामाची धास्ती वाटत नाही. मिक्सर बंद पडला, मी उघडते. शेजारणीच्या शिलाई मशीनचा धागा तुटतो, मी बघते. आणि मी उघडलेली वस्तू बहुतेक वेळा पुन्हा चालू होते, ही काही बढाई नाही. तोंडाने मात्र मी फटकळ आहे. हात आणि तोंड दोन्ही एकदमच चालतात माझे, आणि हाताने केलेली चूक तरी निस्तरता येते.

हे हाताचं वळण मला वडिलांनी लावलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी लहान असताना ते जीपखाली गोणपाट अंथरायचे, मला शेजारी आडवं करायचे आणि वर बोट दाखवून विचारायचे, "ह्ये काय? आन् ह्ये कशाला?" बाकीच्या मुली भातुकली खेळत होत्या तेव्हा मला गिअरबॉक्स कुठं संपतो आणि शाफ्ट कुठं सुरू होतो ते माहीत होतं. आई ओरडायची, पोरीचा परकर ऑइलनं भरला म्हणून. आबा हसायचे.

आबा विंझरला राहतात. त्यांची जीप जुनी, इतकी जुनी की तिचे काही भाग आता नवे मिळत नाहीत, दुसऱ्या जीपचे काढून बसवावे लागतात. पूर्वी ते विंझर ते वेल्हे वडाप, म्हणजे भाडं घेऊन माणसांची ने-आण, करायचे. कुणी तहसील कचेरीत दाखला काढायला निघालेला, कुणी बाजाराला, कुणी तोरण्यावर चढायला पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन आलेला. आई गेल्यावर त्यांनी वडाप सोडलं, पण जीप ठेवली, ती एका कामासाठी. दर सोमवारी ते हिर्डोशीला आपल्या धाकट्या बहिणीकडे जातात. माझी आत्या तिथं एकटीच असते. तिकडं एसटी कमी, चालणंच फार, म्हणून भोरच्या पुढं रस्त्यात जो हात करेल त्याला आबा गाडीत घेतात, त्याच्या पोत्यासकट. सकाळी साडेनऊच्या सुमाराला जीप माझ्या दुकानापुढं थांबायची, चहा व्हायचा आणि आबा पुढं जायचे. त्या एका दिवसावर त्यांचा सगळा आठवडा तगून असायचा.

गेल्या वर्षी होळी झाल्यावरची गोष्ट. सोमवारी आबा आले ते कुरकुरतच.

"टेंपरेचरचा काटा नाचतोय गं. खड्डा आला की वर उडतोय, लगीच खाली येतोय. आन् इंजिनवर त्याचा सेन्सर हाय ना, तितनं पाणी बी झिरपतंय. जाताना वायरमनला दावतो."

इंजिन किती तापलंय हे डॅशबोर्डवर दाखवणारा तो काटा. वायरमन म्हणजे आमच्याकडचे चाचा. स्टँडच्या मागं त्यांचं गॅरेज आहे, गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा भोरमध्ये कुणी नाही. पण त्यांच्याकडं गाड्यांची रांग असते.

"कशाला चाचांना त्रास?" मी म्हणाले. "बोटाएवढा सेन्सर तो. मी बसवते."

स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा सेन्सर आणला. जुना पान्यानं सोडवला. नवा हातात घेतला, तर त्याला आटे. आता आमच्या धंद्यात आटे दिसले की हात आपोआप खिशात जातो आणि टेफ्लॉन टेपचं रीळ बाहेर येतं. ती पांढरी पातळ पट्टी आट्यांवर गुंडाळून पाइप आवळला की पाण्याचा थेंब बाहेर येत नाही. न्हाणीच्या नळापासून फवारणीच्या पंपापर्यंत आमच्या भागात सगळीकडं तीच. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी बिनटेपेचा नळ बसवला तर त्याला मी दुकानातच चार शब्द सुनावते. तेव्हा मी चांगले आठ फेरे दिले, मापात, एकावर एक, कुठं सुरकुती नाही. पाकिटात एक तांब्याचा वायसर निघाला होता, तो फालतू म्हणून टाकून दिला. सेन्सर आवळला, वायर खोचली, पाणी भरलं, जीप चालू केली.

एक थेंब गळला नाही. आणि काटा गारच्या खुणेवर शांत बसून राहिला.

आबा स्टिअरिंगवर बसून बराच वेळ काट्याकडं बघत होते. "हललाच न्हाई की गं."

"त्याचं हलणं बंद करायलाच तर तुमी आला होता," मी म्हणाले. ते हसले आणि निघून गेले. मी हात धुतले आणि दिवसभर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले.

पंधरा दिवसांनी तक्रारी यायला लागल्या. निगुडघरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमचे आबा सारखी गाडी थांबवत्यात. बॉनेट उघडून उभं राहत्यात." दुसऱ्याही कुणीतरी तेच सांगितलं. मी आबांना फोन केला तर ते म्हणाले, "तापती गं गाडी." मी म्हटलं, "काटा काय म्हणतो?" ते म्हणाले, "काटा काय म्हनत न्हाई." मी म्हटलं, "मग झालं तर." माझ्या हातानं बसवलेला सेन्सर होता तो, त्यावर मी काय शंका घेणार?

तरी एका सोमवारी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर निघाले. मागं हिर्डोशीच्या दोन बायका आणि एक म्हातारेबुवा बसले होते. निगुडघर सोडलं, धरणाचं पाणी डावीकडं दिसायला लागलं, चढ सुरू झाला, आणि आबांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"तापलीया."

मी काट्याकडं बोट दाखवलं. काटा गार.

"वास येतोय," आबा म्हणाले. "गोडसर, तापल्याल्या रबरावानी. आन् आवाज बी जड झालाय."

मी नाकानं ओढून बघितलं. मला काही आलं नाही. मी पाइपाच्या सोल्युशनच्या वासात दिवस काढणारी बाई, माझ्या नाकाची काय कथा, पण तेव्हा हे सुचलं नाही. आबांनी बॉनेट उघडलं, पाव तास थांबले, कॅनमधलं पाणी हळूहळू रेडिएटरच्या जाळीवर ओतलं. पुन्हा निघालो. दोन वळणं गेली आणि पुन्हा थांबले. मग तिसऱ्यांदा. मागची एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "आबांचं वय झालं आता." ते मला ऐकू आलं म्हणजे आबांनाही आलं असणार.

तिथं माझं तोंड सुटलं. "आबा, मीटर चांगला, सेन्सर कोरा करकरीत. जुनं झालंय ते तुमचं नाक. नसलेले वास यायला लागलेत तुमाला. आज्जीचं बी असंच सुरू झालं होतं."

आज्जी म्हणजे आबांची आई. शेवटची काही वर्षं ती कुणालाच ओळखत नव्हती. आबांना ती पोस्टमन समजायची आणि रोज विचारायची, माझ्या लेकाचं पत्र आलंय का. आबा रोज म्हणायचे, उद्या येईल.

 आबांनी पाण्याच्या कॅनचं झाकण लावलं, गाडी चालू केली आणि आम्ही हिर्डोशीला पोचलो. आत्याच्या दारात मी हात पुढं केला आणि म्हटलं, "किल्ली द्या. घाटातला रस्ता आहे, तुमच्या भरवशावर मी चार माणसं सोडणार नाही." आत्या तांब्या घेऊन उभी होती, ती बघतच राहिली. आबांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "काटा म्हनतोय तर तसंच आसंल," एवढंच बोलले.

येताना मी चालवली. आणि बघा, जीप कुठंही थांबली नाही. सगळा उतार होता, ऊन कलून वारा सुटला होता, पण मला वाटलं, झालं सिद्ध. आबांना मी विंझरला सोडलं आणि जीप भोरला आणून दुकानासमोर लावली.

मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही, हे खरं सांगते. उलट आपण वेळेवर शहाणपणा केला असंच वाटत होतं. कुणी विचारलं, की जीप हितं कशी, तर मी सांगायची, "आबांना आता झेपत नाही." आत्याचा फोन यायचा, "सोमवार आला आन् गेला, माझा भाऊ कुठंय?" मी सांगायची, "एसटीनं येतील की." ते एसटीनंही गेले नाहीत. मी एकदा विंझरला गेले तेव्हा त्यांनी दुधाचं पातेलं माझ्या नाकासमोर धरलं. "नासलंय का बघ गं." दूध चांगलं होतं. जेवताना म्हणाले, "काय करपलंय का?" काही करपलं नव्हतं. प्रत्येक वास ते मला विचारून घेत होते, आणि मी मनात म्हणत होते, बघा, मी म्हणत होतेच.

मे महिन्यात हिर्डोशीच्या एका शेतकऱ्याची मोटार जळाली. नवीन मोटार आणि पाइप पोचवायचे होते, टेम्पोवाला मिळेना, म्हणून मी जीपवर माल चढवला. दुपारचे बारा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, टपावर पाइप. चढ सुरू झाला तसा इंजिनचा आवाज जरा घोगरा झाला. मी काट्याकडं बघितलं. गार. पुढं निघाले.

आणि मग वास आला. माझ्यासारखीच्या नाकालाही आला. गोडसर, तापलेल्या रबरासारखा. शब्दाला शब्द तोच.

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. वाफ बाहेर येतेय, आत पाणी खदखदतंय, आणि डॅशबोर्डवर काटा गारच्या खुणेवर बसलाय. आधी मला त्या काट्याचा राग आला.  मग मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि मला त्या दिवसाचं सगळं आठवलं, मी काय बोलले ते, कुणासमोर बोलले ते. 

तासाभरानं बॉनेट उघडलं. आबा ओततात तसं जाळीवर हळूहळू पाणी ओतलं, आत भरलं, गाडी वळवली आणि वाटेत दोनदा थांबत भोरला आले. शेतकऱ्याला फोन करून सांगितलं, मोटार उद्या येईल. आणि जीप थेट चाचांच्या दारात नेली.

चाचा काम करताना फारसं बोलत नाहीत आणि बोलतात ते माझ्यासारखंच रोखठोक. त्यांनी मला किल्ली फिरवून ठेवायला सांगितली, सेन्सरची वायर काढली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. काटा सरळ वर गेला, पार टोकापर्यंत.

"मीटर चांगला हाय. वायर बी चांगली हाय," ते म्हणाले. मग पाना लावून सेन्सर सोडवला, डोळ्यांजवळ धरला आणि नखानं टेपचं टोक उचकटलं. टेप लांबच लांब निघत आली. "ह्ये कुनी गुंडाळलं?"

"मी," मी म्हणाले.

"ताई, ह्या सेन्सरला वायरी किती?"

"एक."

"करंट एका वायरीनं येतो. मग परत जातो कुठनं?"

 तीन फेजच्या मोटारी जोडणारी बाई मी, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"आट्यांतनं," चाचांनीच सांगितलं. "आट्यांतनं इंजिनच्या लोखंडात. तुमी मधी ही टेप घातली. करंटाला वाटच न्हाई. मग इंजिन जळू दे न्हाईतर उकळू दे, काटा गारच राहनार. पाणी थांबवायला पाकिटात तांब्याचा वायसर येतो. तो कुठंय?"

"टाकला."

चाचा हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तारेच्या ब्रशनं भोकातले आटे घासले, वायरीच्या टोकाचा गंज काढून ते घट्ट केलं, नवा वायसर घालून तोच सेन्सर उघडा, बिनटेपेचा बसवला. रेडिएटर खोलला तर आत गंजाचा गाळ आणि बाहेरच्या जाळीत वाळलेला चिखल. खरा आजार तो होता. गाडी पहिल्यापासून तापतच होती. काटा नाचायला लागला तेव्हाही अधूनमधून तो खरं तेच सांगत असणार, आणि मी त्याचं तोंड बांधलं.

"काटा बंद असताना ही गाडी चालवली कुनी?" चाचांनी विचारलं.

"आबांनी. महिनाभर तरी."

"त्या चढावर?" ते इंजिनकडं बघत राहिले. "दुसरा कोन असता तर इंजिन कधीच बसलं असतं. हितं हेड सुदीक वाकलं न्हाई. नुसत्या वासावर आन् आवाजावर सांभाळलीया त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर धुऊन बसवला. जीप चालू केली आणि काटा हळूहळू वर चढत मध्याच्या जरा खाली येऊन थांबला. एवढ्या चांगल्या कामाकडं बघून मला एरवी आनंद झाला असता. मी मोटार दुसऱ्याच्या टेम्पोत घालून हिर्डोशीला पाठवली आणि विंझरचा रस्ता धरला. कापूरहोळ, नसरापूर, आंबवणे, सगळ्या रस्त्यानं काय बोलायचं ते जुळवत होते. माफी मागायची मला सवय नाही, पण मागायचं ठरलं की मी आडवळणानं मागत नाही.

आबा ओट्यावर बसून सुपात नाचणी निवडत होते. शेजारचे दोघं जण गप्पा मारत बसले होते. मी आत गेले नाही. चारचौघांत बोलले होते, तर चारचौघांतच मागं घ्यायला पाहिजे होतं.

"आबा, चूक माझी आहे," मी अंगणातूनच म्हणाले. "सेन्सरला मी टेप गुंडाळली, म्हणून काटा मेला होता. गाडी खरंच तापत होती. तुमाला यायचा तो वास खरा होता."

सुपातले हात थांबले. "कवाधरनं?"

"पहिल्यापासनं."

"त्या दिशी बी?"

"त्या दिवशी बी. तिन्ही वेळा."

शेजारचे दोघं उठून निघून गेले. आबांनी सूप बाजूला ठेवलं. हाताला लागलेला नाचणीचा कोंडा झाडला.

"म्या पुन्याला जाऊन आलो गं," ते म्हणाले. "एसटीनं, एकटाच. डोक्याच्या डाक्टरला दावलं. म्हनलं, मला नसल्याले वास येत्यात, माझ्या आईचं बी असंच झालं व्हतं. त्यांनी फोटो काढाया सांगितलाय. तुला म्हनलं कशाला सांगायचं, तुला दुकान, संसार."

 माझ्या एका वाक्यानं माझा बाप स्वतःचं डोकं गेलं असं समजून महिनाभर एकटा राहिला होता.

"म्हंजी म्या बरा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरे आहात, आबा. अगदी बरे आहात."

त्यांनी मान हलवली. मग बंडीच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "मग ह्ये नगं आता. इसरायला लागलो तर आसावं म्हनून लिव्हून ठिवलं व्हतं."

वहीचं पान होतं. आबांचं मोठं, तिरकं अक्षर. आत्याचं नाव आणि हिर्डोशी. घर विंझरला, मालक मीच. भोरला दुकान, स्टँडपासून चालत जायचा रस्ता. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, दोनदा गिरवलेलं माझं नाव, आणि त्यापुढं लिहिलं होतं: ही माझी लेक. ही सांगंल त्ये खरं.